आधी तळ, मग रंग

जुनी गाडी दुरुस्त करतोय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा रंग येतो. "मग, कोणता कलर मारणार?" हा प्रश्न आर्णीत गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला असेल. ब्रेकचं काय, हे आजवर एकाच माणसानं विचारलं, आणि तो ट्रक ड्रायव्हर होता! यावरूनच काय ते समजा.

गाडी म्हणजे बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० मॉडेलची गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. नाव बदललं तरी आमच्याकडे ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखालच्या दांडीचा गिअर आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारी गिऱ्हाइकं. बाबांनी मात्र सेकंडहँड घेतली, त्यामुळे तेवढी वाट पाहावी लागली नाही. ते गेल्यावर बारा वर्षं ती गोठ्याशेजारच्या टिनाखाली उभी होती. कोंबड्यांची तिच्यावर फार माया!

आता मुद्द्याचं. कमी पैशात, घरच्या घरी जुनी गाडी उभी करायची असेल तर पैसा कुठे घालायचा, यापेक्षा तो कोणत्या क्रमानं घालायचा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे. आणि आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा लावतात. आधी रंग, मग सीट कव्हर, मग टेप, आणि पैसे उरलेच तर खालचा पत्रा. ते उरत नाहीत, हे सांगायला नकोच.

हे पद्मिनीच्या बाबतीत का धोक्याचं आहे, ते जरा समजून घेऊ. जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते. जाडजूड लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी. बॉडी सडली तरी सांगाडा भार पेलतो. पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छत हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. म्हणजे दाराखालचा पट्टा गंजला की तिचा कणाच पोखरला जातो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापुद्रे, अशा गाडीत माणसं बसवणं हा मला सरळसरळ गुन्हा वाटतो.

आमच्याकडे मुंबईची खारी हवा नाही, त्यामुळे इथल्या गाड्या कमी गंजतात, हे खरं. पण आमच्याकडे काळी माती आहे! पावसाळ्यात ती चाकांच्या वरच्या खोबणीत चिकटते आणि ओल धरून बसते. रस्ता कोरडा होतो, गाडी वरून कोरडी होते, पण तो गोळा आत ओलाच. काचेचं रबर कडक झालं की पाणी मॅटखाली झिरपतं ते वेगळंच. आमच्या गाडीचं छत धडधाकट होतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती.

एका गॅरेजवाल्यानं यावर मोठा सोपा उपाय सांगितला. "भाऊ, चिकटपट्टी लावून वरून लांबी भरून देतो. दोन वर्षं त काही समजत नाही." प्रामाणिक माणूस म्हणायचा, निदान मुदत तरी सांगितली. रंगासकट त्याचा आकडा पासष्ट हजार होता आणि माझं एकूण बजेट ऐंशी हजारांचं. लांबी म्हणजे खाचखळगे भरायची पुट्टी. तिला स्वतःची ताकद नसते, आणि खालचा गंज जिवंत असेल तर तो वाढतच राहतो. काही दिवसांनी रंगाला फोड येतो, आणि मग लोक रंगवाल्याला शिव्या घालतात.

खरी पंचाईत वेगळीच आहे. बहिणीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे आणि नवरीनं आजोबांच्या गाडीतूनच मांडवात यावं, असं काकांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. ते दर रविवारी येतात, गाडीखाली आडव्या झालेल्या मला बघतात आणि म्हणतात, "काहून रे, अजून खालीच घासून रायला का? वरून दिसते कोणाले ते?" काकांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांना त्या गाडीत भाऊ दिसतो, आणि तो नव्यासारखा दिसावा असं त्यांना वाटतं. पण नवरीला बसवायची गाडी आहे म्हणूनच मी खालून सुरुवात केली, हे त्यांच्या गळी उतरवणं हे गंज काढण्यापेक्षा अवघड काम आहे.

माझा क्रम असा. पहिला नंबर ब्रेकचा. मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरमधली रबरं बदलली, पाइप नवे टाकले, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढलं. दुसरा नंबर तळाचा. सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा आणि नवा जोडायचा. नुसतं वरून ठिगळ मारलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठतं आणि गंजाला आयतं घर मिळतं. दाराखालचा पट्टा कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून लोखंडी आधार द्यायचा, नाहीतर गाडी वाकते आणि दारं पुन्हा लागत नाहीत. तिसरं इंजिन. बारा वर्षं बंद असलेलं इंजिन सेल मारून जबरदस्तीनं फिरवायचं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, आठवडाभर मुरू द्यायचं आणि मग हातानं हळूहळू फिरवायचं. चौथं वायरिंग, कारण उंदीर. रंग पाचवा. उरलेल्या पैशात बसेल तेवढाच.

आता घरच्या घरी काय जमतं आणि काय नाही, याचंही भान हवं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि वेळ एवढ्यावर निम्मा गंज निघतो. उरलेल्यावर फॉस्फोरिक अॅसिड असलेलं रस्ट कन्व्हर्टर, मग रेड ऑक्साइड. बारीकसारीक भागांसाठी प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजक्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या तुकड्याला. गंज सुटून येतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. हे मोकळ्या हवेतच करा, त्यातून हायड्रोजन निघतो. आणि लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टील वापरू नका, पाणी विषारी होतं. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, घोड्या लावायच्याच. आणि पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करायच्या भानगडीत तर पडूच नका. रिकाम्या टाकीतली वाफसुद्धा भडकते.

वेल्डिंगसाठी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या इथल्याच एका कारागिराला गाठलं. ट्रॉलीच्या जाड पत्र्याला चालतं ते साधं वेल्डिंग इथे चालत नाही, पातळ पत्र्याला भोक पडतं. त्यानं सीओटू मशीन लावलं आणि एकेक टिपका देत, पत्रा थंड होऊ देत जोड घातला. आठ बाय चार फुटांचा वीस गेजचा पत्रा जेमतेम एकवीस किलो भरतो. सामान तेवढंच, बाकी सगळी किंमत त्याच्या हाताची. ही किंमत द्यायला मला जरासुद्धा जड गेलं नाही. बजेट कमी आहे म्हणून कारागिराची मजुरी घासाघीस करून पाडणं आणि तेच पैसे चकाकीवर उधळणं, याला मी काटकसर म्हणत नाही.

"यापेक्षा एक सेकंडहँड गाडी आली असती," असं ज्यांना वाटतं त्यांचं गणित बरोबर आहे. हा व्यवहार फायद्याचा नाहीच. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. विंटेज म्हणून नोंदवावी तर २०२१च्या नियमानुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, म्हणजे मला २०३४ पर्यंत थांबावं लागेल. आणि ती नोंदणी मिळालेली गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, ती मिरवण्यापुरती. जुन्या गाड्यांनी धूर करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माझ्याही गाडीची तपासणी कडकच व्हावी. पण नुसतं वय बघून फी वाढवण्यापेक्षा ब्रेक, तळ आणि धूर नीट तपासून फी ठरवली, तर लांबी भरलेल्या गाड्या घरी बसतील आणि नीट राखलेल्या चालतील.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तेव्हा पुष्कळांनी फोटो टाकून हळहळ व्यक्त केली. हळहळ खरीच असणार. पण एवढी वर्षं त्या गाड्या चालत राहिल्या त्या कुणाच्या हळहळीमुळे नाही. कुणीतरी रात्री त्यांच्याखाली आडवं होऊन नट आवळत होतं म्हणून.

मेपर्यंत रंग होणार नाही, हे मी काकांना स्पष्ट सांगितलंय. रेड ऑक्साइडवर हार घालू. आणि ब्रेकवर माझं समाधान झालं नाही, तर नवरी दुसऱ्या गाडीनं येईल. काका दोन रविवार आले नाहीत. येतील.

तुमच्याकडे कुणाकडे अशी गाडी उभी असेल तर या पावसाळ्याआधी एवढं करा. पुढची मॅट उचला आणि खालचा पत्रा पेचकसानं जोर देऊन टोचून बघा. टण्ण आवाज आला तर तुमच्या हातात वेळ आहे. पेचकस आत गेला, तर रंगवाल्याचा नंबर सध्या बाजूला ठेवा.