अर्धे टँकर लोखंड

हवेतला कार्बन समुद्रात बुडवून देऊ म्हणणारे लोक पुन्हा पुढे येऊ लागले आहेत. त्यांची कृती ऐकायला सोपी आहे. दूरच्या समुद्रात लोहाचे क्षार टाका, सूक्ष्म शैवाल माजेल, कार्बन शोषून घेईल, मरून तळाला जाईल. मग गाडलेल्या प्रत्येक टनामागे ‘कार्बन क्रेडिट’ विका. 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या उपायावर संशोधन व्हावे अशी शिफारस केली. संशोधन जरूर व्हावे. दुकान थाटणाऱ्यांनी मात्र आधी गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एक चक्कर मारावी.

मूळ निरीक्षण खरेच आहे. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद मुबलक असूनही शैवाल विरळ. हे कोडे बरीच वर्षे सुटेना, कारण मोजायला गेलेले जहाज लोखंडाचे, तारही लोखंडाची. नमुना हाती येईपर्यंत बाटलेला असायचा. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या जॉन मार्टिन यांनी कमालीची स्वच्छता पाळून मोजमाप केले, तेव्हा अशा पाण्यात लोह जवळजवळ नसतेच असे दिसले. ऑक्सिजन असलेल्या खाऱ्या पाण्यात ते विरघळून राहत नाही, आणि लोह घेऊन येणारी वाळवंटांची धूळ इतक्या दूर फारशी पोचत नाही. शैवालाला कार्बनच्या 106 अणूंमागे नत्राचे 16 आणि स्फुरदाचा एक अणू लागतो. लोह स्फुरदाच्याही साधारण शंभरांश. एवढ्याशा लोहावर एवढा कार्बन! अर्धे टँकर लोखंड द्या, हिमयुग आणून देतो, असे मार्टिन 1988 मध्ये थट्टेने म्हणाले. पुढे लोक थट्टा विसरले, टँकर तेवढे लक्षात ठेवले.

जानेवारी 2009 मध्ये गोव्याची ही संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांची ‘लोहाफेक्स’ मोहीम ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून केपटाउनहून निघाली. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक नेतृत्व करत होते. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने वाटेतच हरकत घेतली; फेरतपासणीनंतर परवानगी मिळाली. अटलांटिकच्या दक्षिण भागातल्या एका भोवऱ्यात सुमारे 300 चौरस किलोमीटरवर काही टन लोह सोडले आणि 39 दिवस त्या पाण्याचा पाठलाग केला.

शैवाल वाढले, दोन आठवड्यांत साधारण दुप्पट झाले. आणि तिथेच थांबले. पुन्हा लोह दिले, तरी ढिम्म! त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवून टाकली होती. डायटम या शैवालाला काचेसारखे कवच लागते, आणि ते सिलिकेविना होत नाही. झिंक कमी पडलेल्या रानात युरियाच्या गोणी ओतून काय होते, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. डायटम नाहीत म्हटल्यावर कवच नसलेले बारीक शैवाल वाढले. ते कोपेपॉड नावाच्या इवल्या जीवांनी फस्त केले, आणि त्या जीवांना कोळंबीसारख्या अँफिपॉडांनी गिळले. खोल पाण्यात गेलेला कार्बन अगदीच किरकोळ.

या मोहिमेला फसलेली म्हणणे अन्यायाचे आहे. लोह टाकण्याच्याच 2004 च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात सिलिका भरपूर होती, डायटम वाढले आणि त्या बहराचा निम्म्याहून अधिक भाग एक हजार मीटरच्या खाली गेला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की कळते, लोहाची कमतरता भरून काढली की पुढच्या कमतरतेची पाळी येते. तीही भरली, तरी खाणारे आहेतच. शिवाय शैवाल कुजताना ऑक्सिजन संपतो. गोव्यासमोरच्या समुद्रात मोसमी पावसाच्या हंगामात आपोआप अशी घुसमट होते आणि तिथून नायट्रस ऑक्साइड निघतो, हे 2000 साली दाखवून देणारेही नक्वीच होते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत उष्णता सुमारे तीनशे पट धरतो. क्रेडिटच्या पावतीवर ती वजाबाकी कोण मांडणार?

2012 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका व्यापारी योजनेने सुमारे 100 टन लोह सल्फेट समुद्रात ओतले. सामन मासे वाढतील आणि क्रेडिट मिळतील, अशी आशा गावकऱ्यांना दाखवली होती. पुढच्याच वर्षी, समुद्रात काय टाकता येईल यावर बंधने घालणाऱ्या लंडन करारात अशा कामांना लगाम घालणारी दुरुस्ती मांडली गेली.

भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली. समुद्रात लोह टाकून कार्बन गाडला, असे कोणी सांगत आले, तर तिथल्या पाण्यात सिलिका किती होती, खाणारे जीव किती होते आणि एक हजार मीटरच्या खाली नेमके काय गेले, हे मोजून दाखवल्याशिवाय सरकारने त्याचा एक टनही हिशेबात धरू नये.