तग धरणाऱ्या पिकालाही पाणी लागते

रब्बी ज्वारीच्या शेतात भर दुपारी पाने लांबट गुंडाळलेली दिसतात आणि संध्याकाळी ती पुन्हा उलगडतात. पाहणाऱ्याला वाटते, पीक उन्हाने मरगळले. प्रत्यक्षात ती झाडाने स्वतःहून केलेली काटकसर असते. पान गुंडाळले की उन्हाला सामोरा जाणारा भाग कमी होतो आणि पाण्याची वाफ कमी होते. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यातली ज्वारी पिढ्यानपिढ्या याच काटकसरीवर जगत आली आहे.

ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर चार महिने काढायचे असतात. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी 35-1 इतकी वर्षे टिकली ती भाकरीच्या चवीमुळे, कडब्यामुळे आणि तग धरण्याच्या या गुणामुळे.

झाड हे कसे साधते? मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, हवेत निघून जाते. जमीन कोरडी पडू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्यावर ही छिद्रे मिटतात. पेशींमध्ये प्रोलिनसारखे पदार्थ साठतात, त्यामुळे पेशी पाणी धरून ठेवतात. ज्वारीच्या पानांवर व खोडावर पांढुरकी मेणासारखी लव असते, तीही बाष्प अडवते. मुळे ओलीच्या शोधात खोल उतरतात. काही वाणांची पाने दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात. कारण ते वाण सुरुवातीला पानांचा पसारा बेताचा ठेवतात आणि ओल शेवटच्या दिवसांसाठी राखतात.

माणसाचे शरीरही अशाच प्रसंगी असेच वागते. जुलाबाने पाणी कमी झाले की मेंदू संप्रेरक सोडतो, मूत्रपिंडे पाणी राखतात, त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडतो. लहान मूल या बळावर बराच वेळ सावरून धरते, रक्तदाबही बरा असतो. मग एकाएकी ते कोसळते. म्हणूनच मूल बरे दिसत असतानाच क्षारसंजीवनी सुरू करा, असे डॉक्टर आईला बजावतात. सावरून धरणे म्हणजे बरे असणे नव्हे.

पिकाचेही तेच आहे. छिद्रे मिटली की पाणी वाचते, पण त्याच वाटेने येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो. झाड अन्न कमी बनवते. बाष्पाने मिळणारा गारवा जातो आणि पान तापते. झाड जगते ते उपाशी राहून. ही उपासमार पोटरीच्या आणि फुलोऱ्याच्या दिवसांत आली तर कणसात दाणे कमी भरतात, आणि नंतर पाऊस पडला तरी ते नुकसान भरून निघत नाही.

झाडाच्या बचावाची आणखी एक बाजू पशुपालकाला जीवघेणी ठरू शकते. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. जनावराने पाला चघळला की त्यातून सायनाइड सुटते. पाण्याच्या ताणात खुंटलेल्या आणि पावसानंतर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत ते जास्त असते. असा चारा खाल्लेली गाय धापा टाकते, लाळ गाळते, थरथरते आणि काही वेळातच दगावू शकते. पशुवैद्यकाकडे सोडियम थायोसल्फेटचा उतारा असतो, पण तो वेळेत मिळायला हवा. सोपा उपाय एकच: गुडघ्याएवढ्या किंवा ताणात खुंटलेल्या ज्वारीत जनावर सोडू नये. पक्व दाण्याला आणि नीट वाळलेल्या कडब्याला हा धोका नाही. चाराटंचाईत हिरवे दिसेल ते घालण्याचा मोह होतो, म्हणून ही सूचना दुष्काळाच्या आधीच गावोगावी पोहोचायला हवी.

'दुष्काळात तग धरणारे पीक' या बिरुदाचा अर्थ आपण सोयीने लावला आहे. तग धरते, मग पाणी कशाला, असे म्हणून कालव्याचे आवर्तन उसाकडे जाते आणि ज्वारी वाऱ्यावर सोडली जाते. वास्तविक ज्वारीला ऊस मागतो त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. पोटरी ते फुलोऱ्याच्या दरम्यान एक संरक्षित पाणी मिळाले तरी उत्पादनात मोठा फरक पडतो. तेही नसेल तर वेळेवर कोळपणी हवी, म्हणजे जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल टिकते. शेततळ्यातले आणि कालव्यातले पाणी वाटताना या एका पाळीचा हक्क आधी मानला पाहिजे.

दुष्काळ ठरवण्याच्या पद्धतीतही हा विचार हवा. उपग्रहातून दिसणारी हिरवळ हा त्यातला एक निकष आहे. पण हिरवे पीक आतून उपाशी असू शकते. जमिनीतली ओल आणि पानांचे तापमान ताणाची खबर आधी देतात. त्यांना अधिक वजन दिले तर मदत पीक करपल्यावर नव्हे, वाचवता येत असताना पोहोचेल.

1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो खाल्लेली पिढी आजही आहे. आज शहरातला मधुमेही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने भाकरीकडे वळतो आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र ताटातल्या भाकरीचे कौतुक करायचे आणि शेतातल्या ज्वारीला तहानलेले ठेवायचे, हे फार काळ चालणार नाही. झाडाने आपल्या वाट्याची काटकसर केली आहे. आता पाण्याचे वाटप करणाऱ्यांची पाळी आहे.