कपड्यांवर बोलून झालं असेल तर...

नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथं बुद्धिबळाची स्पर्धा खेळली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने समाजमाध्यमावर जे लिहिलं, त्याचा आशय असा होता की, काही डाव मी चांगले खेळले, त्यांचा मला अभिमानही आहे, पण पाहणाऱ्यांचं लक्ष डावांकडे नव्हतंच. चर्चा चालली होती तिच्या कपड्यांची, केसांची आणि बोलण्याच्या ढबीची. पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही, असंही तिने सांगितलं. हीच मुलगी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.

बुद्धिबळ हा बसून खेळायचा खेळ. त्यात ना धावायचं, ना उडी मारायची. तिथेही मुलीचा डाव सोडून तिचे कपडे बघणारे असतील, तर मैदानात उतरणाऱ्या मुलींचं काय होत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्या घरातल्या मुलींचा तर जास्तच, कारण त्यांच्या कपड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं जातं. बाहेरचे म्हणतात, अंगावर एवढं कशाला? घरचे म्हणतात, एवढंच का?

आधी जिथे कपडे बघायलाच माणसं जमतात, त्या रेड कार्पेटकडे पाहू. मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ या चित्रपटाला ग्राँ प्री मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तोच तीस वर्षांनी. त्याच वर्षी याच संस्थेच्या चिदानंद नाईकच्या लघुपटाला विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस मिळालं. लॉ कॉलेज रोडवरच्या एका संस्थेसाठी केवढी मोठी गोष्ट! पण त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर जे येत होतं, त्यात कोणत्या तारकेचा गाऊन किती लांब आणि कुणाची बाही कशी, हेच जास्त होतं.

म्हणून मी फॅशनला नावं ठेवणार नाही. याच चित्रपटातल्या आपल्या छाया कदम तिथे दिवंगत आईची साडी आणि नथ घालून गेल्या होत्या. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, निदान तिची साडी आणि नथ तरी विमानाने आणली, असं त्यांनी लिहिलं होतं. कनी कुसृतीच्या हातात कलिंगडाच्या फोडीसारखी पर्स होती. पॅलेस्टाइनच्या लोकांसाठी ती काय सांगत होती, हे जगाला कळलं. म्हणजे कपडा बोलतो, आणि चांगलं बोलतो. त्यामागे पोटापाण्याचा प्रश्नही आहे. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये आलिया भट्टने जी साडी नेसली, ती १६३ जणांच्या हातांनी तयार झाली होती. जरदोजीच्या, भरतकामाच्या कारखान्यांत मान मोडून बसणाऱ्यांत आपली माणसं किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांची नावं कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे. साडी सुंदर होती, ही नाही.

अडचण तेव्हा होते, जेव्हा कपडा बाईने निवडलेला नसतो आणि दारावरचा माणूस ठरवतो. २०१५ मध्ये कानलाच काही स्त्रियांना उंच टाचांच्या चपला नाहीत म्हणून अडवलं होतं. २०२५ मध्ये त्याच महोत्सवाने सभ्यतेचं कारण देऊन उघड्या अंगाच्या पोशाखांवर आणि लांबलचक घोळाच्या गाऊनवर बंदी घातली. आणि त्याच फ्रान्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालायला मनाई केली. रिले संघातल्या सुंकाम्बा सिला या धावपटूला उद्घाटनाच्या संचलनात डोक्यावर टोपी घालून यावं लागलं. एका ठिकाणी अंग कमी झाकलं म्हणून दार बंद, दुसऱ्या ठिकाणी डोकं झाकलं म्हणून. नॉर्वेच्या मुली २०२१ मध्ये बीच हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत बिकिनीऐवजी चड्डी घालून उतरल्या, तर संघाला १५०० युरो दंड झाला. त्यावर जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा तो नियम बदलला.

ही उदाहरणं वाचून आपल्यातले काहीजण खूश होतील. ‘बघा, पाश्चात्त्यांचं ढोंग!’ ढोंग आहेच. पण मग आपण काय केलं, तेही बघायला हवं. २००५ मध्ये सानिया मिर्झा अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोचली. त्याआधी कोणत्याही भारतीय मुलीला ते जमलं नव्हतं. त्याच वर्षी आपल्याकडे काही धर्मगुरूंना तिचा स्कर्ट दिसला. निजामाबादची निखत झरीन मुष्टियुद्धात आली, तेव्हा तिच्या आखूड कपड्यांवरून नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी तिच्या वडिलांना ऐकवलं. वडील ठाम राहिले. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली, तेव्हा ऐकवणारेच मिठाई घेऊन आले असतील. आणि जगज्जेती झाल्यावर तिला पत्रकारांनी काय विचारलं? हिजाबबद्दल तुझं मत काय! ज्याची त्याची निवड आहे, असं तिने शांतपणे सांगितलं.

उडुपीच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर २०२२ मध्ये उभ्या राहिलेल्या मुली आपण विसरलेलो नाही. चेंबूरच्या कॉलेजने हिजाबवर आणि टोपीवर बंदी घातली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. या मुलींच्या बाजूने आपण बोललो, ते बरोबरच केलं. पण ज्या तोंडाने आपण म्हणतो की, मुलीने हिजाब घातला तर तिला अडवू नका, त्याच तोंडाने असंही म्हणावं लागेल की, नाही घातला तर तिला सतावू नका. एक वाक्य बोलायचं आणि दुसरं गिळायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

मला हयाची थट्टा करायची नाही. लाजलज्जा, अदब, पर्दा हे माझ्यासाठी पोकळ शब्द नाहीत. पण त्यासाठी मैदान सोडावं लागतं, हे मला पटत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली, बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये. मोरोक्कोची नुहैला बेंझिना २०२३ च्या महिला विश्वचषकात हिजाब घालून खेळली. त्या सामन्यात तिच्या संघाने दक्षिण कोरियाला हरवलं. अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने तलवारबाजी निवडली, कारण त्या खेळात सगळ्याच खेळाडूंचं अंग झाकलेलं असतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिला सांघिक कांस्यपदक मिळालं. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ज्या नेमबाजीत २०१० मध्ये जगज्जेती झाली, त्या खेळात तर जाडजूड जाकीट आणि पूर्ण पँट घालावीच लागते. आणि दीनचा दाखलाच हवा असेल, तर हजरत पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांची धावण्याची शर्यत हदीसमध्ये नोंदलेली आहे. पहिल्यांदा आयेशा (र.) जिंकल्या होत्या. ही हदीस आपण लग्नाच्या खुतब्यानंतर कौतुकाने सांगतो आणि दुसऱ्या दिवशी मुलीला सांगतो, धावू नकोस, बरं दिसत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. पाचवी-सहावीत ज्या मुली खो-खोत मुलांना दमवतात, त्या नववीत बाकावर बसून वह्या राखताना दिसतात. पालकांना विचारलं तर पहिलं उत्तर येतं कपड्यांचं. पण थोडं खोलात गेलं की खरी कारणं निघतात. सराव संध्याकाळी असतो आणि घरी परतताना रस्ता अंधारा असतो. कपडे बदलायला आडोसा नसतो. स्वच्छतागृहाला कडी नसते. शिकवणारी बाई नसते. पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं, हा प्रश्न असतो. आणि मैदान असलंच तर त्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा ताबा असतो. कपड्यांचा प्रश्न यांपैकी सगळ्यांत सोपा आहे. ट्रॅक पँट, लांब बाह्यांचा टी-शर्ट, हवा असेल तर खेळायचा स्कार्फ, एवढ्यात तो सुटतो. कडी बसवायला, दिवा लावायला आणि बाई नेमायला मात्र पैसे आणि इच्छा लागते. म्हणून आपण कपड्यांवर बोलत राहतो. बोलायला काही खर्च येत नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला केवढं क्रीडासंकुल उभं राहिलं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. पण कोंढवा, भवानी पेठ, घोरपडी इथल्या मुलीला तिथपर्यंत रोज कोण नेणार? तिला घराजवळ, उजेड असेपर्यंत एक तास हवा आहे.

राहिलं मोफत ऑनलाइन शिक्षण. यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही की, तिथे फाटक नाही आणि कपडे तपासणारा माणूस नाही. सरकारच्या ‘स्वयम्’वर नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरावी लागते. ‘दीक्षा’वर शाळेचे धडे आहेत. आपल्या पुण्याच्या बालभारतीची पुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. बुद्धिबळ शिकायचं तर ‘लीचेस’ या संकेतस्थळावर एक पैसा न देता, जाहिरात न बघता जगातल्या कुणाशीही खेळता येतं. समोरच्याला तुमचं फक्त टोपणनाव आणि तुमची चाल दिसते. दिव्याला जो त्रास झाला, तो तिथे होऊच शकत नाही.

पण हे शिक्षण मोबाइलवर चालतं, आणि मोबाइल घरात कुणाच्या हातात असतो? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरात सुमारे ३३ होत्या आणि पुरुष ५७. आपल्या घरांत हे रोज दिसतं. भावाचा फोन भावाचा असतो, बहिणीचा फोन ‘घरचा’ असतो. भाऊ रात्री दोनपर्यंत गेम खेळला तर तो तरुण आहे. बहीण एक तास व्हिडिओ बघत बसली तर कुणाशी बोलतेय, अशी शंका येते. वरून तिला भांड्यांच्या आणि पोळ्यांच्या मधल्या वेळात शिकायचं असतं. मग कोर्स अर्धवट राहतो, आणि आपण म्हणतो, हिला आवडच नाही.

याहून मोठा धोका दुसरा आहे. गेल्या काही वर्षांत एक नवं वाक्य माझ्या कानांवर येऊ लागलंय: ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग कॉलेजला कशाला जायचं? घरीच शीक.’ ऐकायला हे पुरोगामी वाटतं. पण ज्या मुलीला शाळेत जायचं आहे, तिच्यासाठी फुकट शिक्षण हे घरात बसवायचं निमित्त होत असेल, तर ते फार महाग पडेल. व्हिडिओ गणित शिकवेल. वर्गात उभं राहून प्रश्न विचारायची हिंमत तो देणार नाही. तो मैत्रीण देणार नाही, घाम काढणार नाही, हरल्यावर हात मिळवायला शिकवणार नाही. ऑनलाइन शिक्षण शाळेला जोड म्हणून हवं. ज्यांची शाळा आधीच सुटलीय, त्या सुनांना आणि आयांना तर ते हवंच हवं.

आपण काय करू शकतो? फार मोठी यादी नाही. आपल्या संस्थांच्या शाळांनी सुटीच्या दिवशी सकाळी दोन तास पटांगण फक्त मुलींसाठी उघडं ठेवावं आणि एखाद्या शिक्षिकेला त्याचं मानधन द्यावं. मोहल्ल्यातले शादीखाने आठवड्यातले कितीतरी दिवस रिकामे असतात. तिथे चार कॅरम आणि सहा बुद्धिबळाचे पट मांडायला कुणाची हरकत असणार? दुपारी पाच-सहा मुलींनी एकत्र बसून एकच कोर्स करावा. एकटीचा सुटतो, गटाचा पुरा होतो. सदका-खैरात करणाऱ्यांनी शिवणयंत्राबरोबर कधीतरी बुटांची जोडी आणि एक टॅब्लेटही द्यावा. आणि घरात बहिणीसाठी फोनचा एक तास ठरवून द्यावा, त्या तासात भावाने तो मागू नये.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. मुलगी खेळून किंवा शिकून घरी आली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘हे घालून गेली होतीस?’ त्याऐवजी ‘आज काय झालं?’ असं विचारून बघा. ती किती वेळ बोलते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.