वारसा म्हणजे अपराध नव्हे

मुलगी झाली की सुनेला बोल लावतात. त्यावर आपण शिबिरांतून सांगत आलो, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते. ते खरेच आहे. पण मैत्रिणींनो, एवढे उत्तर पुरेसे नाही, असे मला वाटू लागले आहे.

रंगांधळेपणाचेच पाहा. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा नेहमीचा प्रकार ‘एक्स’ गुणसूत्रावरून येतो आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळते. आई वाहक असेल, तर तिला स्वतःला सर्व रंग नीट दिसत असूनही प्रत्येक मुलग्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांतले आकडे वाचता न आल्याने मुलगा नापास झाला, की घरात ऐकवले जाते, “हे तुझ्या माहेरचं.” इथे तर शास्त्रही सासरच्या बाजूने!

मग आपण काय म्हणणार? तिला ते तिच्या वडिलांकडूनही आलेले असेल, रंगांधळ्या बापाच्या सगळ्याच मुलींकडे ते जाते, हे सांगावेच. पण कोणते गुणसूत्र पुढे जावे हे ना आईच्या हाती, ना बापाच्या. मग अपराध कुणाचा? मुलगी झाली म्हणून बापाला दोषी ठरवणेही चूकच.

२०२० साली केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपण असणाऱ्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. मुलाला अशा वाटा हव्यात. आईवरच्या खटल्याने त्याला काय मिळणार?