तेरावा रिचार्ज आणि खाडा

बचतीवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या एका गृहस्थांनी अलीकडे भिवंडीकरांची हजेरी घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मोबाइलचा रिचार्ज, ओटीटी, गाण्यांचं अ‍ॅप, घरपोच सामानाची मेंबरशिप, कॉलर ट्यून अशा दरमहा जाणाऱ्या पैशांमुळे माणूस गरीब राहतो. हे पैसे जात राहतात, कारण माणसाला शिस्त नाही. त्यावर उपाय असा: वही घ्या, बारा महिन्यांचे बारा रकाने आखा, एकेक खर्च लिहा, निम्मे कापा आणि वाचलेलं एसआयपीत टाका. तीस वर्षांनी लखपती व्हाल. जो हे करणार नाही त्याने महागाईच्या नावाने रडू नये, हे वाक्य त्यांनी टाळ्यांसाठी शेवटी राखून ठेवलं होतं, आणि टाळ्या पडल्याही. मला मात्र संताप आला. वही ठेवायला माझा विरोध नाही. यंत्रमागावर कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराला शिस्तीचे धडे देण्याला आहे.

आधी त्यांच्या बारा रकान्यांचंच बघू. भिवंडीतल्या बहुतेक घरांत या यादीतला पहिला आणि सर्वांत जड खर्च म्हणजे मोबाइलचा रिचार्ज. त्याचा महिना २८ दिवसांचा असतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २९९ रुपयांचा पॅक धरा. बारा रकान्यांच्या वहीत वर्षाचे ३,५८८ रुपये लिहिले जातील, खिशातून जातील ३,८८७. घरात दोन फोन असले तर ५९८ रुपयांची तूट, आणि ती वहीत कुठेच दिसणार नाही, कारण तिच्यासाठी रकानाच आखलेला नाही. शिस्तीने वही लिहिणारा माणूससुद्धा वर्षाच्या शेवटी हिशेब का जुळत नाही म्हणून स्वतःलाच दोष देईल.

आता ही रिचार्जची तारीख कुणाच्या घरात येऊन पडते ते पाहा. यंत्रमागावरच्या कारागिराची मजुरी मीटरवर ठरते आणि पगार पंधरवड्याला होतो. खोलीचं भाडं इंग्रजी महिन्याने. ज्याला इथे भिस्सी म्हणतात त्या खाणावळीचे पैसे पगार हातात आला की लगेच. या तिन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात पक्क्या असतात, त्यासाठी त्याला वही लागत नाही. रिचार्जची तारीख मात्र दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत जाते. जानेवारीत पगाराच्या दुसऱ्या दिवशी असलेला रिचार्ज एप्रिलमध्ये पगाराच्या आधीच्या कोरड्या दिवसांत येतो. मग तो उधारीवर मारला जातो, किंवा दोन दिवस फोन बंद राहतो. ८४ दिवसांचा पॅक घ्या, स्वस्त पडतो, असं सांगणारे भेटतात. चार पॅक म्हणजे ३३६ दिवस. उरलेल्या २९ दिवसांसाठी पाचवा पॅक मारावाच लागतो, शिवाय एकरकमी पैसे हातात असावे लागतात ते वेगळंच.

ही काही माझी एकट्याची कुरकुर नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, आदेश काढून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने घेता येईल असा निदान एक पॅक ठेवायला लावलं. ग्राहकांच्या तक्रारी होत्या म्हणूनच ना? नियामकाला जी अडचण दिसली ती व्याख्यात्यांना दिसू नये? आणि आज किती रिचार्जवाले हा त्याच तारखेचा पॅक आपण होऊन सांगतात? कल्याण नाक्यापासून शांतीनगरपर्यंत कुठल्याही दुकानात विचारा, आधी २८ दिवसांचाच पॅक पुढे येईल.

आणि हा खर्च कापायचा तरी कसा? २०१८च्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. तोवर लोक एक सिम नुसतं फोन घेण्यासाठी ठेवत. ती सोय गेली. मुदत संपली की आधी आपला आवाज बंद होतो, मग येणारे फोन. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर, गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर, गोदामातल्या सुपरवायझरचा ‘उद्या या’ हा निरोपही त्याच नंबरावर. मानकोली-दापोड्याच्या गोदामांत रोजावर जाणाऱ्या पोराचा फोन दोन दिवस बंद राहिला तर दोन रोज बुडतात. याला फालतू खर्च म्हणणाऱ्याने असा रोज कधी बुडवून पाहिला आहे का?

शिस्तीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण नियमित खर्चाचा हिशेब मराठी घरांना नवा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत दुधाचे लिटर लिहिले जात, पेपरचे खाडे लिहिले जात, इस्त्रीचे कपडे मांडले जात. महिन्याच्या शेवटी दूधवाला आणि घरची बाई त्या चौकटींवर बोट ठेवून वाद घालत आणि मिटवत. हिशेब टिकला, कारण खाडा धरला जात होता. आठ दिवस गावी गेलात, दूध नको म्हणून सांगितलंत, तर त्या आठ दिवसांचे पैसे कापले जात. खाणावळीतही खाडा असतो. कुठे आधी सांगितलं तरच धरतात, कुठे चार दिवसांच्या वर, पण धरतात. माणूस नाही तर खर्च नाही, ही साधी गोष्ट त्या व्यवहारात दोन्ही बाजूंना मान्य होती.

आजच्या वर्गण्यांत खाडा नाही. सुताचे भाव चढले, माल उठेनासा झाला, माग आठवडा-आठवडा बंद पडले आणि कारागीर आझमगडला किंवा करीमनगरला निघून गेला, तरी भिवंडीच्या खोलीतल्या केबलचे पैसे लागू राहतात, फोनच्या पॅकची मुदत जळत राहते, कुणीतरी कधीतरी घालून दिलेलं अ‍ॅप पैसे ओढत राहतं. दुधाचा खाडा चोख लिहिणाऱ्या बाईला तुम्ही बेशिस्त म्हणणार? तिने काय लिहावं? खाडा मांडायची जागाच कुणी ठेवलेली नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीतलं वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे गेलं. त्याआधी इथली वीजगळती ५८ टक्क्यांच्या घरात होती, आणि बाहेरची शहाणी मंडळी तेव्हाही हेच म्हणायची की भिवंडीकर बिल भरणाऱ्यांतले नाहीत, रक्तातच नाही त्यांच्या. चार-पाच वर्षांत गळती २० टक्क्यांच्या खाली आली. माणसं तीच होती, मागही तेच होते. बदलले ते मीटर, ट्रान्स्फॉर्मर, तारा आणि बिल पोचवण्याची रीत. त्या फ्रँचायझीबद्दल गावात आजही दोन तट आहेत आणि मी त्यात आत्ता शिरत नाही. पण व्यवस्थेतला दोष माणसांच्या स्वभावावर ढकलण्याची सवय इथे जुनी आहे, आणि ती दरवेळी बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या तोंडूनच ऐकू येते.

ऑटोपेचं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याचंही, तसंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते, त्यात रक्कम आणि तारीख असते, आणि ग्राहकाला नकार देता येतो. नियम चांगला आहे. पण ती सूचना बहुतेकदा इंग्रजीत येते, कर्जाच्या आणि लॉटरीच्या पन्नास मेसेजच्या गर्दीत. भिवंडी उर्दू वाचते, मराठी वाचते, हिंदी वाचते, पद्मानगरात तेलुगू वाचते. ‘एका रुपयात सात दिवस’ हे आमिष मात्र अ‍ॅपवाल्यांना बरोबर आपल्या भाषेत लिहिता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत वर्गणीचा सापळा ही क्लृप्ती स्वतंत्रपणे नोंदलेली आहे: आत यायला एक बटण, बाहेर पडायला चक्रव्यूह. जर्मनीत १ जुलै २०२२पासून ऑनलाइन घेतलेला करार ऑनलाइनच मोडण्यासाठी ठळक बटण देणं कायद्याने बंधनकारक आहे. सरकारं ज्याला सापळा म्हणतात, त्यात अडकलेल्याला आमचे व्याख्याते आळशी म्हणतात.

लखपती होण्याचं गणितही एकदाच करून टाकू. महिना २९९ रुपये, तीस वर्षं, १२ टक्के परतावा: सुमारे साडेदहा लाख. या १२ टक्क्यांची हमी कुणी देत नाही. ६ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या साडेदहा लाखांत आजच्या एक लाख ८३ हजारांचाच माल येईल. हा दुसरा आकडा फळ्यावर कधी लिहिला जात नाही.

ओटीटीबद्दल एवढंच: बारा तासांच्या पाळीनंतर मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्याची ती करमणूक काढून घेण्याचा अधिकार मला नाही, व्याख्यात्यांनाही नाही.

मग करायचं काय? बारा रकान्यांची वही नको, कॅलेंडर घ्या. पैसे ज्या तारखेला कापले जातात त्या चौकटीत रक्कम लिहा, म्हणजे तेरावा रिचार्ज आपोआप नजरेस पडेल. त्याच तारखेला येणारा पॅक नाव घेऊन मागा. गावाकडच्या म्हाताऱ्या आईच्या साध्या फोनवर इंटरनेटचे पैसे भरू नका: डिसेंबर २०२४च्या ट्रायच्या आदेशानंतर फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवणं कंपन्यांना भाग आहे, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. न मागता चालू झालेली कॉलर ट्यून १५५२२३ या नंबरावर बंद होते. पगाराच्या दिवशी यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपेचा भाग उघडा आणि ओळखू न येणारी परवानगी रद्द करा, त्यासाठी त्या कंपनीची मिनतवारी करावी लागत नाही. ज्याला हे वाचता येत नाही त्याला शेजारच्या पोराने उघडून द्यावं. आणि मागण्या दोनच कराव्यात, पण जोरात: खाडा द्या. बिनवापराच्या दिवसांची मुदत थांबवता येऊ द्या, आणि सूचना ग्राहकाच्या भाषेत पाठवा.

एक गोष्ट मात्र कापू नका. ‘निम्मे कापा’ असं सांगताना व्याख्यात्यांनी ती वेगळी काढली नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योती योजनेचे ४३६ रुपये याच ऑटो-डेबिटने खात्यातून जातात. २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे, आणि उघड्या पट्ट्यांच्या मागावर, गोदामाच्या रॅकवर काम करणाऱ्याला त्याची गरज आहे. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. मे महिन्यात बरेच कारागीर गावी असतात आणि खात्यात बहुधा काही शिल्लक नसते, म्हणून गावाची गाडी पकडण्याआधी खात्यात ४५६ रुपये ठेवून जा.