सोंगाड्याचे वारस?

दूरचित्रवाणीवरील विनोदी नटाची कारकीर्द बहरली की समीक्षक त्याला 'सोंगाड्याचा वारस' ठरवून मोकळे होतात. आम्हाला हे मान्य नाही.

जुन्नर तालुक्यातील नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. या फडांतला सोंगाड्या केवळ हसवत नसे. भर वगात तो राजाची, पाटलाची अब्रू वेशीला टांगी. 'चला हवा येऊ द्या' (२०१४) या कार्यक्रमात गवळणीतल्या मावशीसारखी स्त्रीवेषाची सोंगे आली खरी. राजा मात्र पाहुणा होऊन कोचावर बसला आणि आपल्या चित्रपटाची जाहिरात करून गेला. दोष नटांचा नव्हे. फड तिकिटावर जगतो, वाहिनी प्रायोजकावर. ज्याच्यावर पोट, त्याची थट्टा कोण करणार?

आणि आपण? कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. अशी विनोदाची परंपरा वर्गात शिकवतो आणि उत्स्फूर्त बतावणीला लोकसाहित्याच्या कोपऱ्यात बसवतो. जो बोलतो पण लिहीत नाही, तो आपल्या लेखी लेखकच नव्हे! नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतिपदक मिळाले. अभ्यासक्रमात जागा किती मिळाली?

वारस नेमण्याआधी पूर्वजाला घरात तरी घ्यावे.