कोटींच्या जामीनदाराला वर्षभर, लाखांच्या दुकानदाराला १९२०



नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जाला जामीन राहिलेला संचालक आणि बारा-पंधरा लाखांत बुडालेला इतवारीतला कापडदुकानदार, दोघांचंही दिवाळं निघालं तर कर्जातून आधी मोकळं होण्याची सोय कायद्याने कोणासाठी केली आहे? संचालकासाठी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा तिसरा भाग सरकारने १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला, तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. बाकी सगळ्यांसाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. मुंबई शहराला तर त्याहून जुना, १९०९ चा.

फरक किती आहे तो पाहा. नव्या संहितेत दिवाळखोरीचा आदेश झाल्यापासून वर्ष भरलं की मुक्ततेचा अर्ज मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तानेच करायचा असतो. मालमत्तेची विक्री आणि वाटप त्याआधीच आटोपलं आणि धनकोंच्या समितीने त्या कामाला मान्यता दिली, तर त्यानंतर सात दिवसांत अर्ज. वर्ष पुरं होण्याची वाट पाहायची नाही. जुन्या कायद्यात अर्ज कर्जदारानेच करायचा, तोही कोर्टाने ठरवून दिलेल्या मुदतीत. मुदत चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि वसुलीवाले पुन्हा दारात. शिवाय मालमत्तेतून रुपयाला पन्नास पैसेही सुटत नसतील, तर त्यात आपला दोष नाही हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं. ते जमलं नाही तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. ज्याच्याकडे रुपयाला पन्नास पैसे देण्याची ऐपत आहे, तो नादारीचा अर्ज कशाला करेल, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

मी गांधीबागेत छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहितो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. म्हणून माझ्या एका गिऱ्हाइकाचा पहिला फोन बरोबर आठच्या ठोक्याला येतो. दुकानात बायका साड्या बघत असल्या की तो फोन ठाणाखाली सरकवतो, आणि ठाण थरथरत राहतं. नोटिसा त्याने साडीच्या पिशवीत भरून ठेवल्यात. घर विकायला तयार आहे, दुकानाची पगडी सोडायला तयार आहे. ‘भाऊ, सगळं दिल्यावर तरी हे थांबेल का, आणि कधी थांबेल ते सांगा,’ एवढंच विचारतो. जामीनदार संचालकाला मी निदान एक अंदाज देऊ शकतो. याला काय सांगू?

संहितेचा तिसरा भाग सगळ्यांना लागू करा म्हटलं की ‘मग काय, उद्या सगळेच हात वर करतील!’ हा आक्षेप मला चहाच्या टपरीपासून बँकेच्या केबिनपर्यंत ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी संहिता वाचलेली नसते. अर्जाआधीच्या दोन वर्षांत घर मातीमोल भावात मेव्हण्याच्या नावे केलं असेल, तर तो व्यवहार उलटवता येतो. बँकेला टांगून सासऱ्याचे हातउसने आधी फेडले असतील, तर तेही दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन तपासता येतं. मुक्तता मिळेपर्यंत परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही, कंपनीचं संचालकपद घेता येत नाही, निवडणूक लढवून पद मिळवता येत नाही. फसवणुकीने केलेलं कर्ज, कोर्टाचा दंड, बायकामुलांची पोटगी आणि शैक्षणिक कर्ज हे मुक्ततेनंतरही डोक्यावर राहतं. (शैक्षणिक कर्ज पोटगी आणि दंडाच्या रांगेत का बसवलं, हा वेगळ्या पत्राचा विषय.) गेलेलं घर परत येत नाही. पतमाहितीच्या नोंदी किमान सात वर्षं जपल्या जातात, म्हणजे नवं कर्ज मिळायचे वांधे. एवढं सोसायला कोणी हौसेने जात नाही. आणि जून २०२३ मध्ये याच रिझर्व्ह बँकेने मुद्दाम कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करायला बँकांना मोकळीक दिलीच ना, त्यांचे फौजदारी खटले चालू ठेवून का होईना? तेव्हा पतशिस्तीची काळजी कुठे गेली होती?

अगदी गरिबांसाठी संहितेत ‘नवी सुरुवात’ म्हणून एक तरतूद आहे. तिच्या अटी अशा: वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि मालकीचं घर नको. महिन्याला ५,००० रुपये! धुणीभांडी करणारी बाईसुद्धा चार घरं धरून याहून जास्त कमावते, आणि मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज ३५,००० च्या पुढे कधी जातं ते कळतही नाही. ही तरतूदही कागदावरच आहे. उद्या लागू केली, तरी या आकड्यांत बसणारा माणूस शोधावा लागेल.

असल्या कामात नागपूर एकेकाळी देशाच्या पुढे होतं. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा, १९३३ मध्ये, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने कर्ज समेट कायदा केला. सावकार आणि शेतकरी यांना मंडळासमोर बसवून कर्ज कमी करायचं आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती योजना. पंजाब आणि बंगालने तसे कायदे त्यानंतर केले. कर्ज बुडालं की धनकोनेही थोडं सोसायचं असतं, हे तेव्हाच्या परक्या सरकारला उमगलं होतं.

माझ्या मागण्या तीनच आहेत. तिसरा भाग सर्व व्यक्तींना लागू करा. ‘नवी सुरुवात’च्या मर्यादा आजच्या मजुरीचा आणि महागाईचा विचार करून वाढवा. आणि वकिलाची फी ज्याला झेपत नाही, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिवाळखोरीच्या अर्जासाठी माणूस मिळू द्या. संहितेप्रमाणे व्यक्तींचे अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे आहेत आणि ते न्यायाधिकरण नागपुरात आधीपासून आहे.

विदर्भातल्या खासदारांनी एवढा एक प्रश्न अर्थमंत्र्यांना विचारावा: तिसरा भाग सर्वांना लागू होण्याची तारीख कोणती? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, संसदेत मतदान लागत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की पुरे.

एक हिशेबनीस,
गांधीबाग, नागपूर